हंपीचं पिल

चाळीसगावच्या बसस्थानकात सुलक्षणा जळगावच्या एसटीची वाट पाहत बसली होती. शेजारी हंपी पाहून परतलेलं रावेरकडचं केळी पिकवणारं जोडपं होतं, भाईदास आबा आणि कुंदाबाई. दोघांच्या मधे ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं केळीचं पिल, म्हणजे खोडाशेजारी फुटलेला कोंब.

"पोरगं विचारील, हंपीत काय पाह्यलं. काय सांगसान?" कुंदाबाईंनी विचारलं.

"दगडाचा रथ."

"तो म्या पाह्यला. तुमी रस्त्यातल्या केळीच्या बागेत घुसले."

"एका खोडाले चार-चार पिलं वाढेल होती. न काढली तं घड बारीक राह्यते. हात राहेना."

"म्हनून दुसऱ्याची कुदळ उचलून पिल काढाचं? मालक धावत आला, तवा म्हटलं, आता मार खातात हे."

"त्याची भाषा कोठी येते आपल्याले. म्या सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे डाग दाखवले."

"अन् त्यानं त्याच्या लुंगीवरचे."

"मंग घरी नेऊन जेवू घातलं. वरून हे पिल बांधून दिलं."

"चाळीस वर्सं बाग सोडून मले कोठी नेलं नाही. नेलं, तं तठीबी बागेतच."

"चुकलंच माह्यं."

"चुकलं कोठी? त्याच्या बाईनं माह्या पानावर तीनदा भात वाढला. नुसता रथ पाहून आली असती, तं कोनी जेव म्हटलं असतं का मले?"

एसटी लागली. सुलक्षणानं आधी चढून खिडकीजवळची जागा धरली आणि आबांना बसायला सांगितलं.

"तठी पिल बसवा," कुंदाबाई मागून म्हणाल्या. "पाहुनं हाये ते आपलं."