घर जसं होतं तसं

...आणि वर ते शूटिंगवाले मलाच म्हणतात, "काका, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय!" अहो, घर माझं, भिंत माझी, मी तिथे उभा राहिलो तर माझी सावली काय शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार? पण नाही... झालो बाजूला. बाजूला होता होता मागच्या अडगळीच्या खोलीत पोचलो आणि वीस रात्री तिथेच काढल्या, दोन जुन्या गाद्या आणि एक मोडकी शिडी यांच्या सोबतीनं! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल, हा माणूस उगाच बोंब मारतोय.

मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असतो. बावीस वर्षं झाली. बिजागऱ्या, कड्या, नळ, स्क्रू, रंगाचे डबे... गिऱ्हाईक नुसतं म्हणू दे, "दार कुरकुरतं हो," की मी डोळे मिटून सांगणार, तीन इंची बिजागरी न्या, दोन थेंब तेल सोडा, जन्मात आवाज यायचा नाही. अर्ध्या वस्तीची दारं माझ्या सल्ल्यानं लागतात! आणि माझ्या घरी... आता तुम्ही हसणार. हसा. माझ्या घरी एक दार धड लागत नव्हतं. नळाखाली बादली. बैठकीच्या भिंतीला ओल, तीही अशी ऐसपैस की बायकोला तिच्यात दरवर्षी नवा प्राणी दिसायचा. यंदा उंट आहे, म्हणायची. कपाट उघडायचं म्हणजे दार आधी उचलायचं, मग डावीकडे रेटायचं, मग देवाचं नाव घेऊन सोडायचं.

आणि झोपायच्या खोलीची खिडकी! तीच माझ्या मुळावर आली. चार बोटं फट राहायची. थंडीत वारा असा आत यायचा की जणू चावी त्याच्याकडेच आहे. बायको म्हणायची, "अहो, खिडकी." मी म्हणायचो, "उद्या बघतो." आता हा उद्या जरा लांबला, कबूल, सहा हिवाळे लांबला... शेवटी तिनंच त्या फटीत माझा जुना स्वेटर कोंबला. म्हटलं, वा, काम झालं! आणि गेल्या थंडीत एका सकाळी मला दुकानात जायचं, बाहेर हाडं गोठवणारा गारठा, दुसरा स्वेटर सापडेना... मी तो खिडकीतला ओढून काढला आणि घातला. माझाच होता हो तो! दुसऱ्याचा घातला असता तर गोष्ट वेगळी. यात माझं काय चुकलं?

संध्याकाळी घरी आलो तर बायको बॅग भरून उभी. रडणं नाही, भांडण नाही. बायको भांडत नसली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. म्हणाली, "मी ताईकडे राहायला जाते." म्हटलं, "किती दिवस?" तर म्हणाली, "तिच्याकडे खिडक्या लागतात." हे काय उत्तर झालं? मी दिवस विचारले, ही खिडक्या सांगते!

तर अशी ती गेली. चार महिने गेले. आणि ऐन उन्हाळ्यात दारात एक टोपीवाला उभा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून माझ्या घराकडे बघतोय. म्हटलं, कोण तुम्ही? तर, "श्शू! अप्रतिम! अप्रतिम! काय ओल आहे! काय पोपडे आहेत! अहो, आम्ही महिनाभर वणवण फिरतोय, लोक मेले घरं दुरुस्त करून ठेवतात!" तुम्हाला खरं सांगतो, माझ्या घराचं असं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं. पाघळलो मी.

हा दिग्दर्शक. टीव्हीवर थंडीत दाखवायचा सिनेमा करत होता. गोष्ट काय, तर नायिकेच्या वाट्याला पडकं घर येतं, ते दुरुस्त करायला सुतार येतो, तो नेमका तिचा दहा वर्षांपूर्वीचा प्रियकर, त्यानंच तेव्हा तिचं मन मोडलेलं, मग दोघं मिळून भिंती घासतात, घासता घासता मनं जुळतात, घर नवं, प्रेम नवं, बाहेर बर्फ, समाप्त. म्हटलं, "बर्फ? या उकाड्यात?" म्हणे, "बर्फ आहे आमच्याकडे. पोत्यात."

आणि मी, दुकानातला माणूस, परत आलेला माल बघून बघून हुशार झालेला! म्हटलं, कागदावर लिहा, काम संपलं की घर जसं होतं तसं माझ्या ताब्यात. दिग्दर्शक म्हणाला, "जसंच्या तसं?" मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "जसंच्या तसं! एक खिळा इकडचा तिकडे झालेला चालणार नाही!" माणसानं सावध राहावं की नाही? यात माझं काय चुकलं?

मग सुरू झालं... पंखे बंद, का तर आवाज येतो. नायक-नायिका लोकरीचे स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून घामानं निथळतायत, आणि एकजण मागून टिपकागदानं त्यांची मानगूट टिपतोय. "कट! ताई, तुम्हाला थंडी वाजतेय, थंडी!" ती बिचारी पोळीसारखी भाजलेली, दात कुठून वाजवणार?

पण त्यांच्यात एक सजावटवाली बाई होती. कमरेला हातोडी, केसांत पेन्सिल. ती आली, तिनं बघितलं, आणि चार दिवसांत... काय सांगू तुम्हाला! नळ बंद. कपाटाचं दार बोटानं उघडायला लागलं. उंट गेला! भिंत अशी गुळगुळीत, फिकट पिवळी, सकाळच्या उन्हासारखी. आणि एक दिवस मी अडगळीच्या खोलीतून डोकावतो तर ती झोपायच्या खोलीची खिडकी ओढते... आणि खट्! लागली. नुसतं खट्. इतका बारीक आवाज!

तसाच धावत जाऊन फोन लावला. मेहुणीनं उचलला. तिचा आवाज म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. "ती कामात आहे." म्हटलं, "तिला एवढंच सांगा, खिडकी लागली." "अगंबाई! कोणाला लागली?" "कोणाला नाही हो, खिडकी लागली! बंद होते!" मग मागून बायकोचा आवाज, हळूच, "काय म्हणतात?"

आली ती. शेवटच्या दिवशी दिवे-कॅमेरे गाडीत चढवून सगळे जेवायला गेले होते तेव्हा आली. भिंतीवरून हात फिरवला. कपाट उघडलं, मिटलं. नळाखाली वाकून बघितलं, तर बादली नाही. मग खिडकीपाशी गेली आणि ती उघडली, लावली, उघडली, लावली... मी मोजत नव्हतो, पण बराच वेळ चाललं होतं ते. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही केलंत?"

आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हटलं... "करून घेतलं." खोटं नाही हो! घरात झालं, माझ्या देखत झालं, म्हणजे करूनच घेतलं! पण तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला ऐकूच येत नाही." आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "रविवारी सामान घेऊन येते."

मी त्या रात्री अडगळीच्या गादीवर राजासारखा झोपलो.

शुक्रवारी सकाळी ठकठक ऐकून उठलो. बघतो तर कामगार पिवळी भिंत उचलून बाहेर नेतायत! अख्खी भिंत! प्लायवूड होतं ते, माझ्या भिंतीपुढे उभं केलेलं! मी ओरडलो, "अहो, काय करताय?" सजावटवाली बाई शांतपणे, "काका, करार. जसंच्या तसं." म्हटलं, "राहू द्या!" "नाही हो काका, आमचं नाव खराब होतं. तुम्ही किती ठणकावून लिहून घेतलंय." आणि तिच्याकडे फोटो! प्रत्येक कोपऱ्याचा! फोटो बघून बघून त्यांनी कपाटाच्या दाराचा स्क्रू सैल केला. नळाचा जुना वॉशर पिशवीत नाव घालून जपून ठेवला होता, तो परत बसवला. उंटाच्या एका पायावर रंग सांडला होता, तर त्यांचा पेंटर ब्रश घेऊन बसला आणि पाय परत काढला. बाई म्हणाली, "आमचा माणूस ओल फार सुंदर काढतो." मी म्हटलं, "खिडकी तरी! हात जोडतो, एवढी खिडकी!" तिनं पट्टी काढली, फट मोजली, चार बोटं. म्हणाली, "बरोबर?"

आणि गेले. वर माझ्याकडून सही घेऊन गेले की घर मूळ स्थितीत मिळालं म्हणून.

शुक्रवार दुपार, शनिवार अख्खा. दीड दिवस होता हो माझ्याकडे. आणि मी हार्डवेअरच्या दुकानातला माणूस. शनिवारी दुकानातून बिजागरी आणली, कागदात गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. म्हटलं, उद्या सकाळी लवकर उठून बसवू.

बायको सकाळी आठलाच आली. बरोबर मेहुणी, दोन बॅगा. दारातच थांबली. उंटाकडे बघितलं. नळाचं टप्, टप् ऐकलं. झोपायच्या खोलीत गेली, कागदाची पुडी उघडून बिजागरी बघितली आणि होती तशी गुंडाळून परत ठेवली. मी सगळं सांगितलं, करार, प्लायवूड, फोटो, सगळं... म्हटलं, अगं, यात माझं काय... पण पुढचं तोंडातून निघेना. मेहुणीनं तोंड उघडलं होतं, पण बायकोनं तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल ताई." रागावली असती तर बरं झालं असतं.

परवा लागला तो सिनेमा. कडाक्याची थंडी, मी पांघरूण घेऊन बघत बसलो. शेवट आला, नायिका म्हणाली, वारा येतोय, सुतार उठून खिडकी लावून आला, बाहेर बर्फ पडायला लागला, आणि फोन वाजला. बायको! म्हणाली, "बघताय?" म्हटलं, "बघतोय." ती तिकडे नाक ओढत होती, मी इकडे. म्हटलं, हीच वेळ आहे, काहीतरी बोल गाढवा... तेवढ्यात ती म्हणाली, "किती चांगला आहे हो तो सुतार."

मी म्हटलं, "अगं, नट आहे तो! त्याला खिळासुद्धा ठोकता येत नाही!"

म्हणाली, "नसेल येत. पण तिनं सांगितल्यावर उठला तरी."

आणि फोन ठेवला. खरंच आहे ते. उठला होता. दिग्दर्शकाचं समाधान होईना म्हणून आठ वेळा उठला होता बिचारा, त्या उकाड्यात, कानटोपी घालून. मला पक्कं माहीत आहे... मी तिथेच तर होतो, समोर खुर्चीत बसून.