अण्णांच्या पानावरची बिनतेलाची भजी

हॅलो?… हां, बोल श्वेता… नाही गं, झोपले नव्हते. गच्चीवर आहे… गच्चीवर! आमच्याच बिल्डिंगच्या… दुपारचा दीड वाजलाय हे मलाही कळतंय, डोकं तापलंय माझं… हळू बोलतेय कारण कावळा उडेल.

कावळा… हो, काव काव करतो तोच.

अगं आज अण्णांचा म्हाळ ना, पितृपक्षातला! विसरलीस?… माझ्या सासऱ्यांचा. दरवर्षी गावी व्हायचा, मोठ्या दिरांकडे. यंदा पहिल्यांदा मुलुंडला, माझ्या हातचा… हो ना, बाराला पान ठेवलंय कठड्यावर. दीड तास झाला, कावळा शिवत नाही… येतो गं, येत नाही असं नाही! येतो, टाकीवर बसतो, मान वाकडी करून पान बघतो आणि उडून जातो. आठ वेळा. गार्गी मोजतेय.

बरं, तू कशाला फोन केलास?… कसली?… एअर फ्रायरमधली कांदाभजी?

श्वेता, मुहूर्त बघून फोन केलास का गं?… नाही, चिडले नाही. काय, सुबोधचा रिपोर्ट आला? किती निघालं कोलेस्टेरॉल?… अगंबाई! मग आधी त्याचा स्टेशनबाहेरचा समोसा बंद कर, भजीचं नंतर बघू… हो हो, सांगते ना. पण ऐक, त्याच भज्यांनी माझी वाट लावलीय इथे. पानावर मी तीच ठेवलीयेत. मशीनमधली.

माहितीये, कांदा चालत नाही. म्हणून तर भटजींना विचारलंच नाही. आईच म्हणाल्या, त्यांना आवडायचं ते ठेवायचं, तिथे वर कोण बघायला येतंय? मग वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भेंडीची भाजी, आणि कोपऱ्यात सहा भजी… वडे मालनताईंकडून आणले, भांडुपहून. घरात तळण कुठे आहे आमच्याकडे? अण्णांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कढई माळ्यावर टाकली, ती आजपर्यंत खाली काढली नाही.

गार्गी! मोबाईल बंद कर तो! बंद कर म्हणते ना!

काही नाही गं, ही पोरगी कावळ्याचा आवाज लावून बसलीय, यूट्यूबवरचा. म्हणे त्याने ते जमतात. जमले की! पंधरा-वीस आले, गच्चीभर गोल फिरले, ओरडले आणि सगळे जाऊन पाटकरांच्या पानावर बसले.

बी विंगचे देवदत्त पाटकर. त्यांच्या वडिलांचीही तिथी आजच. आमच्यापासून दहा पावलांवर त्यांचं पान. साधा वरणभात गं! वरणभात आणि भोपळ्याची भाजी! त्यावर पंगत बसली कावळ्यांची. वर पाटकरवहिनी मला काय म्हणाल्या माहितीये? ‘आमचे बाबा अगदी सरळ होते हो, कशाची हाव नव्हती.’ म्हणजे आमचे अण्णा कोण?

हो, राजेश पण तेच म्हणतो. पितृपक्षात कावळ्यांची पोटं भरलेली असतात, एकेका बिल्डिंगला पाच-पाच पानं, त्यात इतकं काय. पण हे तो मला सांगतो गं, आईंना कोण सांगणार? आई बसल्यात खुर्चीवर, डोक्यावर छत्री धरून. कावळा शिवल्याशिवाय घास घेणार नाहीत. सकाळी शुगरची गोळी घेतलीय, त्यावर एक कप कोरा चहा. म्हटलं, आई, निदान बिस्कीट खा. तर म्हणतात, नवऱ्याआधी जेवले नाही कधी, आता कशाला सुरू करू?

हं… हं… अगं ऐक ना. सांगते ना कृती. कांदा उभा चिरायचा, पातळ. मीठ लाव आणि दहा मिनिटं विसरून जा त्याला. पाणी सुटतं. त्याच पाण्यात बसेल एवढंच बेसन… नाही! वरून थेंबभर पाणी घालायचं नाही. घातलंस की भजी होत नाहीत, धिरडं होतं… दोन चमचे तांदळाचं पीठ, त्यानेच ती कुरकुरीत होतात. ओवा हातावर चोळून. तिखट, हळद, कोथिंबीर… थांब, थांब, आला!

आला, बोलू नकोस.

…कठड्यावर बसलाय…

…पानाच्या दिशेने दोन उड्या मारल्या… अण्णा, या… या ना, अण्णा…

गेला! भज्यांकडे बघितलं आणि गेला! शपथेवर सांगते श्वेता, भज्यांकडे बघितलं त्याने. आईंनीही पाहिलं. छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा टाकीकडे बघत बसल्या.

हो, ते सगळं झालं. हात जोडून बोलून झालं सगळ्यांचं. आधी राजेश उभा राहिला. म्हणाला, अण्णा, गावच्या घराचा हिस्सा विकणार नाही. मी म्हटलं, विकायचा विचार कधी होता? तर टाकीकडे बघायला लागला! म्हणजे विचार होता श्वेता, आणि मला कावळ्यामुळे कळलं… हस, हस तू. मग आई म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेते. तीन वर्षं त्यासाठी आम्ही पाया पडतोय त्यांच्या! तरी कावळा ढिम्म. गार्गीने सांगितलं, आजोबा, एका विषयात केटी लागलीय, ती काढते. त्यावर कावळा नाही, पण तिचा बाप उडाला.

आता सगळे माझ्याकडे बघतायत. म्हणजे तोंडाने कोणी काही म्हणत नाही. पण पानावर दुसरं सगळं गावासारखंच आहे, फक्त भजी माझी.

मी खाली जाते. हो, खाली, घरी… राजेश, आईंकडे लक्ष ठेव! आले मी पंधरा मिनिटांत… नको, लिफ्टमध्ये फोन कट होईल. जिन्याने उतरते, तीनच मजले आहेत. तू बोलत राहा… हं… हं… तापमान? एकशेऐंशी. आधी तीन मिनिटं रिकामंच गरम कर… बटर पेपर चालतो, पण भजी ठेवल्याशिवाय नुसता कागद आत टाकू नकोस, उडून वर तापलेल्या कॉइलला चिकटतो. मी केलंय ना ते! धूर झाला, वॉचमन वर आला… भजी सुटी सुटी ठेव, एकमेकांवर नाही. वरून ब्रशने जरासं तेल. बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायची.

चावी… कुठे गेली चावी… हां.

काय करतेय म्हणजे? स्टुलावर चढतेय. कढई काढतेय माळ्यावरून.

हो, तळणार आहे. तेलात. पाव किलो तेल ओतून, सणसणीत… अगं सुबोधला नको देऊस, मी अण्णांसाठी करतेय… आई गं! काही नाही, झाकण पडलं… आहे, कढई आहे. धुवावी लागेल. तुला स्पीकरवर टाकते, थांब.

येतोय आवाज?… ही मशीनमधली पण चांगलीच लागतात गं, खोटं नाही सांगत. आम्ही चौघंही खायचो. म्हणजे… पाचही जणं खायचो.

काही नाही… कांदा चिरतेय… काही नाही म्हटलं ना.

श्वेता, तुला एक सांगू? राजेशला पण नाही सांगितलंय. अण्णा गेले ना, त्याच्या चारच दिवस आधीची गोष्ट. दुपारी माझ्या मागे येऊन उभे राहिले, इथेच, ओट्यापाशी. म्हणाले, ‘रेवती, आज तेलातली कर गो. चारच कर. आईक सांगू नको.’ असे हळूच, गार्गी लहानपणी चॉकलेट मागायची तसे. आणि मी म्हटलं, अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? आणि मशीनचं बटण दाबलं… नाही, ओरडले नाही. पण बटण दाबलं ना.

खाल्ली गं. सगळी खाल्ली. ‘बरी झालीत’ म्हणाले. रोजच म्हणायचे, बरी झालीत. काय म्हणणार माणूस सुनेला?

हो, माहितीये मला, त्यांच्या चांगल्यासाठीच केलं. डॉक्टर पण तेच म्हणाले, सगळे तेच म्हणाले. पण चार भजी, श्वेता! चार भज्यांनी काय झालं असतं? गेलेच ना चार दिवसांनी? खाऊन तरी गेले असते. तीन वर्षं मी हे मशीन दिसलं की तोंड फिरवते आणि पुन्हा त्याच्यातच भजी करते. आज वाटलं होतं, एकदाचं पान ठेवलं, कावळा शिवला, की सुटेन. आणि त्याने नेमकं तेच बघितलं.

नाही, थांब, तेल तापलं.

…ऐकू येतंय? चर्र झालं ते? किती दिवसांनी हा आवाज ऐकतेय मी या घरात. वास तर असा सुटलाय, आत्ता शेजारचे बेल वाजवतील… काढते, काढते. चारच केलीत. त्यांनी चारच मागितली होती.

चल, निघाले वर. वाटीत घेतलीत… अगं गरम असू देत, कावळ्याला फुंकर मारून देऊ का? जिना चढतेय, धापा टाकतेय म्हणून काळजी करू नकोस… एक मजला झाला… आता सांगते, हे केल्यावर पण नाही आला ना, तर मी सरळ आईंना सांगणार. हात जोडून सांगणार. रागावल्या तर रागावू देत… झाले तीन मजले. हुश्श.

राजेश, सरक! आई, ही बघा… हो, तेलातली. हो, आत्ता केली. विचारू नका काही.

श्वेता, ठेवली पानावर. मशीनमधल्यांच्या शेजारीच. सगळे मागे सरलोय… पाटकरवहिनी पण बघायला आल्यात, यांचं जेवण झालं वाटतं… तू फोन ठेवू नकोस. मला भीती वाटतेय… कसली भीती काय विचारतेस? नाही आला तर काय, ही भीती.

अण्णा… अण्णा, मी रेवती. चुकलं माझं. तुम्ही मागितलीत आणि मी दिली नाहीत. ही घ्या. चार आहेत… बोलले, श्वेता. मोठ्याने बोलले. राजेश बघतोय माझ्याकडे. आई पण. बघू देत.

आला.

टाकीवर बसलाय… उतरला… कठड्यावर आला… चालत येतोय, शहाणा, घाईच नाही त्याला… पानावर आलाय! पानावर आलाय श्वेता!… वडा सोडला… तेलातल्या भजीला चोच लावली… आता खाईल…

नाही!… बाजूला सारली!… अगं बाजूला सारली तेलातली! दुसरी पण!… आणि… अगंबाई…

मशीनमधली उचलली.

उचलली गं! माझी! मशीनमधली, सकाळची, थंडगार! चोचीत धरून टाकीवर गेला… खातोय… अगं खातोय! खाऊन परत आला! दुसरी उचलली! तेलातल्यांकडे बघत पण नाहीये!

हसतेय ना… नाही, रडतेय. हो, रडतेय, रडू दे ना मला जरा. राजेश पण रडतोय, त्याला नाक पुसायला रुमाल पण नाही… आई? आई उठल्यात. इथे येतायत. थांब, काहीतरी म्हणतायत. थांब गं…

…

हॅलो… हो, आहे मी. काय म्हणाल्या सांगू? माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘माका सगळा म्हायत होता गो. तेंका तुझ्या ह्याच भज्यांची सवय झाली होती. तेलातली खालली की छातीत जळजळता, तरी मागायचे आणि दिली नाय की बरां वाटायचा तेंका. माझी सून माका संभाळता, सगळ्यांका सांगत फिरायचे.’

…

हो.

हो गं… चल, आईंना भूक लागलीय, पानं वाढते. ठेवते.