कॉलरच्या वर

—नाही वहिनी, उठून नाही राहिली मी. उठणार कशी? अर्धं डोकं बांधलेलं आहे न. मान जराशी वळवली तं क्लिपा ओढतात. पार्लरवाली भैरवी म्हणे, लाईट आली की दुसरी बाजू लावते, तोवर हलू नका — अन् गेली खाली जनरेटर पाहाले. आता आपण दोघीच. तिथं नका बसू, त्या खुर्चीवर ऊन येते, इकडं या. मे महिन्यात रामदासपेठेत लाईट जाते म्हणजे पाहा, इतकं मोठं पार्लर अन् जनरेटर चालू होत नाही. आरशात पायलं का मले? डावीकडून नवरी अन् उजवीकडून लान्स नायक. हसा न, मलेही हसू येऊन राहिलं. तुम्ही त्या घरच्या मोठ्या सून, मी येणारी धाकटी, अन् पहिल्यांदा दोघीच बसलो तं माझी अशी दशा.

हे केस विकतचे नाहीत, माहीत आहे का तुम्हाले? माझेच आहेत. हो, खरंच. कमरेपर्यंत होते. मिलिटरी पोलिसात भरती झाली, जायच्या आदल्या दिवशी आईनंच नेलं मले कापाले — म्हणे, तिकडं परक्यानं कापण्यापेक्षा माझ्यासमोर काप. मी खुर्चीत रडून राहिली अन् आई उभी, वेणी हातात धरून. ती वेणी तिनं जुन्या लुगड्यात बांधून कपाटात ठेवली. लग्न ठरलं अन् काढली. भैरवीकडं देऊन पट्टीवर शिवून घेतली. बाबा आमचे कोष्टी, जलम मागावर गेला, आता माग बंद, इतवारीत दुकानात साड्यांच्या घड्या घालतात. त्यांनी ती पट्टी उजेडात धरून पायली अन् म्हणे, शिवण बरी आहे. बस. लग्नाबद्दल बाबा तेवढंच बोलले.

तुम्ही विचारत होत्या न गाडीत, कसे असतात तिथले नियम? मी म्हटलं, असतात आपले. ड्रायव्हर होता न समोर, अन् मले वाटलं तुम्ही सासूबाईसाठी विचारून राहिल्या. आता सांगते. केस एक तं कॉलरच्या वर, नाही तं जाळीत घट्ट, एक बट बाहेर नाही. टिकली नाही, मेंदी नाही, नखं बोटाच्या पुढं नाही. कानात बारीक खडा, तोही कवायत शिकवणारे उस्ताद वाकून पाहणार. मले आवडायचं का? नाही. कोणाले आवडते? बाह्या तारखेनं वर अन् तारखेनं खाली — थंडी वाजो का घाम येवो, ऑर्डर आली की खाली. आमचे एक नायकसाहेब होते, त्यांचं दुःख वेगळंच. म्हणत, सुट्टीत घरी जातो, दाढी वाढते, पोरगी बिचकते, जवळ येत नाही. आठवडाभरानं दाढीले हात लावाले लागते, ओळखाले लागते, तं सुट्टी संपते. मग गेटवर पोचायच्या आधी स्टेशनवर दाढी करायची. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, साहेब, घरी पण दाढी करा न, म्हणजे ती एकच चेहरा पाहील. तं ते म्हणे, बेटा, घरी तरी मले माझ्या मर्जीचा राहू दे. हे बोलताना त्यांचा हात हनुवटीवर फिरून राहिला होता, अन् हनुवटी तं एकदम गुळगुळीत.

अन् दुसरी रितिका. हरियाणाची, माझ्या बाजूच्या पलंगावर. सगळ्या पोरी केसासाठी रडल्या, ही नाही रडली. मले वाटे हिले काही वाटतच नाही. मग एकदा परेडचे बूट चमकवता चमकवता म्हणे, मेरी भाभी चार साल से घूंघट में है, मैंने उसका माथा ठीक से नहीं देखा. मेरे सर पर टोपी है. टोपी के ऊपर घूंघट कोई कैसे डालेगा? बस, तिचं मत इतकंच. तिले नियम जाच वाटत नव्हता, तिले तो दरवाजासारखा वाटे — आतून कडी लावता येते असा. मी तेव्हा म्हटलं, आमच्या नागपुरात असं काही नाही बाई, आमच्याकडं पोरी मोकळ्या असतात. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी.

पाणी आहे का हो तुमच्याजवळ? पुसू नका, उष्टं चालते मले. तिथं एका बाटलीत आठ जणी पितो.

नाही, मी तक्रार नाही करून राहिली. सासूबाई चांगल्याच आहेत. पाहाले आल्या तेव्हा आईले म्हणे, शोभाताई म्हणा मले, विहीणबाई नको. किती बरं वाटलं आईले. याच्या आधी दोन ठिकाणी मोडलं होतं न, दोन्हीकडं कारण एकच — पोरगी फौजेत. अन् हे लोक म्हणे, आमाले अभिमान आहे. लकडगंजात सगळ्या बाजारात सांगितलं म्हणे पंकजच्या बाबानं, आमची सून वर्दीवाली. मले वाटलं, झालं, सापडलं घर. मग पहिलं एवढंच आलं की लग्नात केस लांब दिसले पाहिजे, फोटो जन्मभर राहतात. बरं, म्हटलं, एका दिवसाचं काय. मग आलं की वर्दीतला फोटो हॉलच्या दारावर नको, साडीतला लावू. तेही बरं. मग मेंदी कोपरापर्यंत. मी म्हटलं, शोभाताई, तळव्यावर छोटी काढू का, मले हजर व्हायचं आहे, हातावर रंग चालत नाही. तं त्या हसल्या अन् म्हणे, मेंदी उतरेपर्यंत कोण जाऊ देणार आहे तुले. मीही हसली. सगळेच हसले. तुम्हीही होत्या तिथं, चहा घेऊन आल्या होत्या. तुम्ही नव्हत्या हसल्या, मी पायलं.

तिथले नियम सगळ्यांले एकच, वहिनी. आमच्या युनिटचे सगळ्यांत मोठे, सीओसाहेब, तेही सकाळी दाढी करूनच येतात, त्यांच्या कॉलरवरही केस नाही. अन् इथं — पंकज मिहानमध्ये कंपनीत कामाले जातो, त्यानं दाढी वाढवली, केस मागं बांधले, चांगलाच दिसतो, मी नाही म्हणत नाही. पण त्याले कोणी विचारलं का, फोटोत असा येणार का म्हणून? मी त्याले गमतीनं म्हटलं, तुझे केस माझ्यापेक्षा लांब आहेत, तुझीच वेणी घालू. त्याले नाही आवडलं. दोन दिवस फोन नाही केला.

मग काल केला. अर्जाचं काय झालं म्हणे. कोणता अर्ज? म्हणे, नोकरी सोडायचा, आई तं तुझ्या आईशी बोलली न. अन् आई माझी, भाजी निवडून राहिली होती समोर, तिनं मान वर नाही केली. म्हणजे तिले माहीत होतं. फोन ठेवला अन् मी विचारलं, आई, तू हो म्हटलं का? ती म्हणे, मी नाही म्हटलं नाही. म्हणे, हे तिसरं आहे वं, याच्यानंतर मी कोणाच्या दारी जाणार नाही, तुझ्या बाबाले रस्त्यात लोक विचारतात. मी काय म्हणणार? हॉल ठरला, पत्रिका वाटल्या. मी उठली अन् भाजी निवडाले बसली तिच्यासोबत. अन् आज सकाळी हे केस लावून पाहाले तुमची गाडी आली न्यायले, तं चपला घातल्या अन् बसली. तिथं गेटवर नाकाबंदी करताना मी ट्रक थांबवते वहिनी, हात वर केला की थांबतात. अन् इथं माझ्यानं एक शब्द निघत नाही.

पंकज म्हणे, वहिनी नर्स होत्या. इथंच, समोरच्या दवाखान्यात म्हणे. मले आधी माहीत नव्हतं. तुमचाही पांढरा ड्रेस असंल, केस जाळीत, बांगड्या नाही. गाडीतून उतरताना तुम्ही तिकडं पायलं नाही, मुद्दाम दुसरीकडं मान केली, म्हणून लक्षात आलं माझ्या. स्वतःहून सोडली का तुम्ही?

बरं. नका सांगू.

मग मीच एक सांगते. हे मी आईलेही नाही सांगितलं. सुट्टीवर यायच्या आधी साहेबानं बोलावलं होतं मले. म्हणे, बंगळुरूच्या ट्रेनिंग सेंटरवर नव्या पोरींची बॅच येऊन राहिली, शिकवाले तुझं नाव आहे, जाशील का? अन् मी हो म्हटलं. विचार नाही केला, लग्न आठवलंही नाही मले त्या टायमाले. बाहेर आल्यावर आठवलं. मग मले वाटलं, घरी जाऊन सांगू. स्टेशनवर आई घ्यायले आली तं इतकी खुश — म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. म्हणजे पाहा, आईनं मले न विचारता हो म्हटलं अन् मी तिले न सांगता हो म्हटलं. लग्न झालं की चौथ्या दिवशी मले बंगळुरूले हजर व्हायचं आहे. अन् मले जायचं आहे, वहिनी. त्या पोरी येतील, खुर्चीत बसतील, केस पडतील, रडतील. त्यांच्याजवळ कोणीतरी उभी पाहिजे न, जिचे पडले होते. मी तं रितिकासारखी नाही, मी तं रडली होती. मले चांगलं जमंल ते.

का पाहून राहिल्या अशा? मी बोलायलेच नको होतं. गर्मीनं झालं. विसरा तुम्ही, मी विनंती करते — विसरा. वहिनी? फोन कोणाले लावून राहिल्या? पंकजले? कामिनीवहिनी, ऐका तं — मी विश्वासानं सांगितलं तुम्हाले. मले उठताही येत नाही इथून, हिसकावताही येत नाही तुमच्या हातून —

मले? मी बोलू?

हॅलो. हो, मीच. वहिनीच्या फोनवरून. नाही, पार्लरमध्येच आहो. लाईट गेली. नाही, ते नाही सांगायचं. पंकज, मी अर्ज नाही केला. करणारही नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी बंगळुरूले चालली, नव्या पोरींले शिकवाले. हो, आधीच हो म्हटलं. नाही, विचारून नाही राहिली, सांगून राहिली. उशीरा सांगून राहिली, हे खरं आहे, ती माझी चूक. आई काय म्हणतील ते आईले म्हणू दे, तू काय म्हणतो? ... तू, पंकज. ... बरं. बरं, विचार तू त्यांले. मी आहो इथंच.

ठेवला.

म्हणे, आईले विचारून सांगतो.

घ्या तुमचा फोन. आता सासूबाईचा येईल तुमच्या फोनवर, लगेच येईल. तुम्ही उचलू नका. नाही तं असं करा, तुम्ही जाच, गाडी खाली आहे. म्हणा, तिनं फोन मागितला म्हणून दिला अन् मी बाहेर गेली, ती काय बोलली मले माहीत नाही. तुम्हाले त्याच घरी राहायचं आहे. तुमचे डोळे पुसा आधी, नाही तं ड्रायव्हर घरी सांगंल. मी काढते क्लिपा एकेक करून, हात पोचतात मले. वेळ लागंल, पण निघतील. जा, वहिनी. जा तुम्ही.