मायकलकाकांच्या उंबऱ्यावरची पावलं

...आणि मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो हो, गोल्ड कोस्टला जाऊ! समुद्र आहे, वाळू आहे, मागच्या गल्लीत डोसा मिळतो, अजून काय पाहिजे माणसाला? पण आमच्या बायकोला, चित्रलेखाला, ग्रीसचं बेटच बघायचं! पांढरी घरं, निळे घुमट, आणि मधोमध ही, ओढणी उडवत! बरं, बोलली कुणासमोर? तर कुंपणापलीकडच्या मायकलकाकांसमोर! मूळचे मिहालिस, इथे झाले मायकल. नव्वदीकडे झुकलेले, एकटे, आम्ही मेलबर्नच्या डँडेनॉन्गला आलो तेव्हापासून कुंपणावरून लिंबं देणारे. ते भडकलेच! "पोस्टकार्ड, डार्लिंग! दॅट इज फॉर पोस्टकार्ड! यू गो माय आयलंड. कास्टेलोरिझो!"

तुम्हाला सांगतो, नकाशात शोधायला माझा वाचायचा चष्मा पुरेना! एवढंसं बेट, समोर हाकेवर तुर्कस्तान. आज तुर्क, उद्या फ्रेंच, परवा इटालियन, भाडेकरू बदलावेत तसे बेटाचे मालक बदलले. मग लढाईत बाँब पडले, काका आईच्या कडेवर, माणसं बोटींत, आणि फिरत फिरत निम्मं बेट ऑस्ट्रेलियात! काका म्हणाले, "माझ्या आईच्या घराचा फोटो आण. चर्चच्या मागे, निळं दार." एवढंच. आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

दोहा, अथेन्स, मग ऱ्होड्स, मग ती बोट... बोटीचं बोलूच नका, चित्रलेखाची उलटीची पिशवी अजून विसरलेलो नाही मी. उतरलो, कॅफेत शिरलो, आणि मालक म्हणतो, "हाउ यू गोइंग, मेट?" आपल्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा निघाला! अरे, एवढे पैसे घालून मी "मेट" ऐकायला आलो? मी म्हणत होतो ना, गोल्ड कोस्टला जाऊ! पण खोटं कशाला बोलू, बेट सुंदर आहे. बंदराला गोल कडं करून रंगीत घरं, पाणी इतकं नितळ की जेवताना टेबलाच्या कडेला समुद्रातलं कासव येऊन बघतं, तुमच्या ताटात काय आहे म्हणून! पण ती पुढची रांग टुरिस्टांची. मागे गेलात की भिंती आहेत आणि माणसं नाहीत.

काकांचं दार सापडलं. निळ्याचे पोपडे तेवढे उरलेले. आत डोकावलो तर वर आभाळ! छप्परच नाही, आणि स्वयंपाकघर असावं तिथे अंजिराचं झाड. म्हटलं, फोटो समोरून काढू, फक्त दार येऊ दे. तर चित्रलेखा म्हणते, "अरे, कुणाच्या तरी आईचा उंबरा आहे हा. असा कोरडा कसा सोडायचा?" आणि पर्समधून रांगोळीची पुडी काढली! ग्रीसमध्ये! पासपोर्ट घरी राहील एक वेळ, पुडी राहायची नाही. बसली की खाली, आणि काढली उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, दारातून आत जाणारी. मी फोटो काढला. तिथेच फसलो.

इथे येऊन काकांना दाखवला. काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला... "बेबी फीट," म्हणाले. "गोइंग इन." आणि ढसाढसा रडायला लागले हो! "समवन इज इन माय मदर्स हाउस!" मी मान डोलावली. आणि त्या आठवड्यात काकांच्या अंगणात 'फॉर सेल'चा बोर्ड! लगेच त्यांच्या मुलीचा, हेलनचा फोन, "वॉट डिड यू शो माय डॅड? तो बॅगा भरतोय, या वयात!" म्हातारा घर विकून बिनछपराच्या भिंतींत राहायला निघालाय, माझ्या फोटोमुळे!

शेवटी आम्ही दोघं काकांकडे गेलो. म्हटलं, काका, छप्पर नाहीये. आत कुणी नाहीये. पावलं हिने काढली. काका म्हणाले, "आय नो, मेट. माझा चुलत भाऊ दर समरला फोटो पाठवतो." मग बॅगा कशाला हो, काका? तर त्यांनी स्वतःच्या दाराकडे बोट केलं. "या दारातून माझी बायको, आउट. हेलन, आउट. ओन्ली आउट. तिथे निदान कुणीतरी आत जातंय."

चित्रलेखा उठली, घरून रांगोळीचा डबा आणला, आणि काकांच्या उंबऱ्यावर पावलं काढली, आत जाणारी. काका बघत राहिले. मग एजंटला फोन केला, "नॉट धिस वीक, डार्लिंग."

संपलं? कुठलं हो! हा मेलबर्नचा पाऊस! सकाळी काढली, आर्व्होला, म्हणजे दुपारी, पुसली! आणि पावलं पुसली की काका बोर्डाकडे बघतात. बोर्ड अजून काढलेला नाही बरं का! चित्रलेखाची हॉस्पिटलात पहाटेची शिफ्ट. मग उरलं कोण? मी! आयटीतला माणूस, लॅपटॉपची बॅग पाठीला, रोज सकाळी ग्रीक माणसाच्या दारात गुडघे टेकून लक्ष्मीची पावलं काढतोय! आणि काका कॉफी घेऊन डोक्यावर उभे. आज म्हणतात कसे, "लेफ्ट फूट टू बिग, मेट. लक्ष्मी विल फॉल."

मी म्हणत होतो, गोल्ड कोस्टला जाऊ... काय करणार? डावं पुसलं, परत काढलं.