गोऱ्यांच्या बाजात मायला लागलेली झोप

तुम्ही बाजाचा विषय काढला म्हणून सांगतो. इंग्रजांच्या काळातली गोष्ट. अमरावतीच्या कॅम्पात गोऱ्या वादकांचा मोठा ताफा आला होता. हॉल सजवायला आमच्या मळ्यातली फुलं गेली, म्हणून तिथल्या खानसाम्यानं मला आणि मायला मागच्या बाकावर बसू दिलं. बाबा गेल्यापासून मायच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हटलं, तेवढंच मन रमेल.

माय कुजबुजली, "थो छडीवाला आपल्याकडं पाठ करून काहून उभा हाये?"

"थो सगळ्याइले वाजवाले लावते."

"अन् सोता?"

"सोता काईच नाही वाजवत."

"मंग तुह्या बाबासारखाच हाये," असं म्हणून माय हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

मग सगळी फिडलं एकदम हळू वाजू लागली. भरल्या जवारीतून वारा सरकत जावा, तसा तो सूर आमच्यापर्यंत आला. मायचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. टाळ्या कडाडल्या, लोक उठून गेले, तरी ती जागी होईना. खानसामा दिवे मालवायला आला. मी हात जोडले. त्यानं मायकडं पाहिलं, आमच्या डोक्यावरचा दिवा तसाच ठेवला आणि चपला हातात घेऊन निघून गेला.

बऱ्याच वेळानं मायनं डोळे उघडले.

"कसा वाटला वं बाजा?" मी विचारलं.

"काय मालूम बाप्पा," माय म्हणाली, "मी तं घरी होती. तुह्या बाबाले जेवाले वाढून राहिली होती."