गडग्यापलीकडची दया

नारोपंत पाध्ये. त्यांचे चिरंजीव भिकाजीपंत. भिकाजीपंतांचे जनार्दनपंत. आणि या जनार्दनपंतांच्या पोटी जन्मला तो वासुदेव, आपल्या आख्यानाचा नायक. तीन पिढ्यांची नावे मी मुद्दाम घेतली, मंडळी. त्या तिघांच्या ओटीवरून कोणी रिकाम्या हाताने गेले नाही. चौथ्याच्या ओटीवरून रोज सकाळी काय जात होते, ते आता ऐका.

पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मनाशी तयार ठेवा. आपल्या घरात नकोसा झालेला जीव दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडला, तर त्याला दया म्हणावे का? घाईने माना डोलावू नका. आमचे पेटीवाले मी काहीही विचारले तरी डोलतात, त्यांचे सोडा.

तर खाडीकाठचे एक गाव, कोंडवणे. तिथे वासुदेवाचे घर, शेजारी सुभद्रा मांडवकरचे घर, आणि मध्ये कंबरेएवढी रचलेल्या दगडांची भिंत, म्हणजे गडगा. सुभद्रेचा नवरा गेलेला. शेत एकच, पण ते ती स्वतः लावी, आणि त्याचे बियाणेही स्वतःच्या घरात राखी. तांबड्या भाताचे बी, पेंढ्यात गुंडाळून, सुंभाने आवळून त्याचा मोठा गोळा बांधलेला. मुडी म्हणतात त्याला. ते बी बाजारात मिळत नाही. सुभद्रेकडे अशी मुडी एक. ती गेली, की त्या बाईचे वर्ष गेले.

इकडे वासुदेवाच्या घरात उंदीर झाले.

का झाले? आकाशातून पडले? मोरीच्या तोंडाची जाळी गंजून गळून पडली होती, ती कोणी बदलली नाही. मागच्या दाराखाली चार बोटे फट. नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सालींचा, ढीग भिंतीला लागून. आणि देवापुढचा नैवेद्य? तो संध्याकाळपर्यंत उघडा. वासुदेवाची पत्नी मनोरमा सांगून थकली, "अहो, नैवेद्यावर झाकण तरी घालू द्या."

"देव जेवत असताना झाकण घालतात का?"

"देव दुपारीच जेवून उठले. आता जे जेवतंय, त्याला शेपूट आहे."

हसलात? हसा. तुमच्या घरी सत्यनारायणाचा शिरा कुठे ठेवला होता, ते आठवून हसा.

पुढे उंदरांनी एकदा सोवळ्याचा मुकटा कुरतडला, तेव्हा वासुदेव जागा झाला. त्याने लाकडी पिंजरा आणला आणि आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकवला. सकाळी उंदीर सापडला. मारायचा? छे, छे. गजाननाचे वाहन ते. मग या महाभागाने काय करावे? स्नान केले, सोवळे नेसला, काडीला तेलात कालवलेला शेंदूर लावला, आणि पिंजऱ्याच्या गजांतून उंदराच्या पाठीवर एक ठिपका दिला. अक्षता टाकल्या. विसर्जनाचा मंत्र म्हटला. पिंजरा उचलून गडग्यापाशी नेला आणि दार उघडले ते पलीकडच्या बाजूला.

विसर्जनाच्या मंत्राचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा येण्यासाठी जा. उंदीर आज्ञाधारक, त्यातले काही परतही येत. पण बहुतेकांना पलीकडेच बरे वाटले. तिकडे शेंदूर लावणारे कोणी नव्हते, आणि पेंढ्यात गुंडाळलेले भात होते.

असे रोज चालले. वासुदेव गावात सांगत फिरे, "माझ्या हातून जीवहत्या होत नाही." लोक वाकून नमस्कार करीत. मला विचाराल तर त्या नमस्कार करणाऱ्यांचाही मला राग येतो. कारण सकाळी पाणी भरायला जाताना तो पिंजरा सगळ्यांना दिसत होता, आणि त्याचे दार कोणत्या बाजूला उघडते, हे कोणीही विचारले नाही.

पेरणीचे दिवस आले. सुभद्रेने आढ्याजवळच्या फळीवरून मुडी खाली काढली, तर ती हाताला हलकी लागली. सुंभ सोडला. आतून कोंडा सांडला. कोंड्यात कापसासारखे मऊ केलेले पेंढ्याचे घरटे, त्यात लालसर पिल्ले, आणि शेजारी त्यांची आई. आईच्या पाठीवर शेंदराचा ठिपका.

सुभद्रा रडली नाही. तिने उंदरीवर कळशी पालथी घातली, खालून पत्रा सारला, दुसऱ्या हाताने सुपात तो कोंडा घेतला आणि पाध्यांच्या ओटीवर येऊन उभी राहिली. वासुदेव पूजेतून उठत होता.

"भाऊ, तुमच्या देवाचं वाहन आमच्याकडे उतरलंय. घेऊन जा."

"सुभद्रावैनी, हे काय आणलंत?"

"माझं बी. ओळखू येत नाही ना? मलाही नाही आलं."

वासुदेवाने कळशीत पाहिले. शेंदूर त्याच्याच हातचा. तरी म्हणाला, "मी कुणाचा जीव घेत नाही, वैनी. मुक्या प्राण्याला मारून..."

"मारू नका. पण माझ्या शेतात औंदा एक रोप उठायचं नाही, ते कुणी मारलं? मी मारलं?"

"हे मुद्दाम केलेलं नाही."

"दार माझ्या अंगाला उघडायचात. मुद्दाम नाही, तर वाऱ्याने उघडायचं का?"

तिने सूप आणि कळशी ओटीवर ठेवली आणि ती निघून गेली. काही मागितले नाही. मंडळी, मागितले असते तर बरे झाले असते.

मनोरमा दारात उभी होती. ती म्हणाली, "आपल्या कोठीतलं तांबडं भात कुठून आलं, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. लग्न होऊन आले, त्या वर्षी."

सांगितले होते. भिकाजीपंतांच्या काळी खाडीचा बांध फुटला, घरात खारे पाणी शिरले आणि पाध्यांचे सगळे बी कुजले. तेव्हा सुभद्रेच्या आजेसासऱ्यांनी याच गडग्यावरून एक मुडी दिली. भिकाजीपंत परत करायला गेले, तर म्हातारा म्हणाला, "राहू दे. आम्हाला गरज पडेल तेव्हा मागू." भिकाजीपंत गेले, जनार्दनपंत गेले. मांडवकरांना गरज पडली नाही. पाध्ये दरवर्षी तेच बी पेरत राहिले, तेच खात राहिले.

वासुदेव म्हणाला, "पण तिने मागितलं कुठे?"

"मागायची पाळी कुणी आणली? आणि तुमच्या तोंडावर मागेल ती? आज?"

वासुदेव खाली बसला. सुपातला कोंडा त्याने बोटांनी चाळला, त्यात एक दाणाही निघाला नाही. मग पिंजरा उचलून त्याने माळ्यावर टाकला, आणि बाजारातून उंदीर मारायचे लोखंडी चाप आणले.

त्याच्या कोठीतली बियाण्याची मुडी तेव्हाच नेऊन देता आली असती. पण उंदरांनी भरलेल्या घरात बियाणे नेऊन ठेवणे म्हणजे दान नव्हे, उंदरांना जेवण. म्हणून तो आधी सुभद्रेच्या दारात गेला. "वैनी, जे मी सोडलं, ते मीच काढीन. पाप लागेल ते मला लागेल." तिने दार उघडून दिले. ज्या हाताने अक्षता टाकल्या, त्याच हाताने त्याने चाप लावले आणि मेलेले जीव स्वतःच्या माडाच्या मुळाशी पुरले. तिच्या भिंतीतली बिळे फुटक्या काचा आणि चुना ठासून बुजवली. मग आपल्या घरी आला. मोरीला जाळी बसवली. दाराच्या फटीला पत्रा मारला. सोडणे भिंतीपासून दूर हलवली. आणि नैवेद्य? देवाचे जेवण झाले की लगेच पान उचलायला लागला. देव उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्यातले किती जण पिंजरा घेऊन नाल्यापर्यंत जातात, आणि नाल्यापलीकडे कोणाची वस्ती आहे ते पाहत नाहीत? घरातला कचरा कुंपणावरून फेकणारे इथे बसले आहेत. तापट सून माहेरी, म्हातारा बाप धाकट्याकडे, आणि आपण शांतपणे माळ ओढतो. घर स्वच्छ झाले म्हणता? घाण फक्त पलीकडे गेली आहे. स्वतःच्या मोरीची जाळी न बदलता जो दयाळू म्हणवून घेतो, त्याची दया कोण भोगते, ते गडग्यापलीकडे जाऊन विचारा. मला तुमचे उत्तर ऐकायचे नाही. घरी जा आणि दाराखालची फट बघा.

वासुदेवाकडेही तांबड्या भाताची मुडी एकच होती. ती देताना मनोरमेने विचारले, "आपल्या शेतात काय लावायचं?"

"नाचणी लावू."

त्याने मुडी स्वतः डोक्यावर घेतली. गड्याला हात लावू दिला नाही. गडग्याच्या खिंडीतून गेला आणि सुभद्रेच्या अंगणात उतरवली. तिने सुंभ सैल केला, आत हात घालून चार दाणे काढले, एक दाताखाली धरला. दाणा कट्कन मोडला.

"खणखणीत आहे," ती म्हणाली.

"वैनी, इतक्या वर्षांचं देणं आहे. वर आणखी काही द्यायला हवं."

"एक गेली होती, एक आली. आजेसासऱ्यांचं पुरतं फिटलं, भाऊ."

तिने मुडी उचलली आणि आत नेली.