नवी वल्ही

तळ्याकाठच्या दुकानात, पैसे द्यायच्या रांगेत, माझ्यापुढे एक म्हातारी नवी कोरी वल्ही घेऊन उभी होती. शेजारी तिचा मुलगा.

"आई, उद्यापासून लाँच बंद. बेटावर आता राहिलंय कोण?"

"मी आहे की."

"अगं, पण होडी जन्मभर बाबांनीच चालवली."

"हात त्यांचे चालायचे. वल्हवणारा पाठमोरा बसतो, पुढचं त्याला काही दिसत नाही. मी समोर बसून डावं-उजवं सांगायचे, तेव्हा कुठे घर यायचं."

"मग आता तू वल्हवणार, तर तुला कोण सांगणार?"

"आज तू सांग. होडीत माझ्यासमोर बस."

"आणि उद्या?"

"उद्यापासून मान वळवून बघेन. धर हे एक वल्हं, रांग सरकली."